सभापतींच्या जागी मास्तर

आमच्या दुकानात पुढारी खणांत राहायचे. सगळ्यांत वरच्या खणात मंत्री, त्याखाली बंडखोर, त्याखाली निवडणुका हरलेले, आणि तळाच्या खोल खणात ज्यांची नावं कोणालाच सांगता येत नाहीत असे. बाबांचं दुकान जुन्या फोटोंचं होतं. फोटोची कला नुकतीच निघाली तेव्हाचे, काचेवरचे, पत्र्यावरचे, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो आमच्याकडे यायचे, आणि हौशी लोक लांबून ते शोधत यायचे. एका निवृत्त न्यायाधीशांना फक्त दाढीवाले पुढारी लागायचे. एका दातांच्या डॉक्टरला तुरुंगात जाऊन आलेलेच हवे असायचे. बाबा म्हणायचे, "बंडखोराला मागणी आहे, मंत्र्याला कोणी विचारत नाही. जिवंतपणी बरोबर उलटं होतं."

गल्ल्यावर बाबा बसायचे. पण दुकान चालायचं ते पडद्यामागच्या खोलीतून. तिथे आत्या बसायची.

आत्या बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची घरात कोणाची टाप नव्हती. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असायचं, ते ती फक्त झोपताना काढायची. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर मऊ ब्रश, टिपकागद, काच कापायची हिरकणी आणि कापसाने भरलेली बरणी. बुरशी लागलेला, चिरलेला, उंदराने कुरतडलेला फोटो तिच्यापुढे आला की ती आधी तासभर नुसती बघत बसायची. मग हात लावायची. कोट कुठल्या काळातला, खुर्ची कुठल्या स्टुडिओतली, चेहरा कोणाचा, हे तिला बघूनच कळायचं. गिऱ्हाइकाने काही अवघड विचारलं की बाबा "एक मिनिट हं" म्हणून पडद्याआड जायचे, आत्याला विचारायचे आणि बाहेर येऊन तेच स्वतःचं म्हणून सांगायचे. आत्याला त्याचं काही वाटत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

या सगळ्या पुढाऱ्यांत बाबांचा जीव एकाच माणसात अडकला होता. देशाची पहिली सभा भरली तिचे पहिले सभापती. त्यांची दोन तैलचित्रं होती, दोन्हींत उजव्या गालावर ठळक तीळ. फोटो मात्र एकही नव्हता. मरायच्या आदल्या वर्षी ते एकदा फोटोसाठी बसले होते, असं एका जुन्या पत्रात लिहिलेलं होतं. तेवढ्या एका ओळीवर बाबांनी सत्तावीस वर्षं शोध घेतला. मोडकळीला आलेली घरं, लिलाव, रद्दीची गोदामं, सगळं पालथं घातलं. आई म्हणायची, माझ्यासाठी यांनी एवढी पायपीट कधी केली नाही.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. तीन आठवडे ते दवाखान्यात होते. घरी आले ते निम्मे होऊन. कशातच रस नाही, गल्ल्यावर नुसते बसून राहायचे. त्याच सुमारास गावातली एक जुनी शाळा पाडली गेली आणि तिथल्या शिपायाने अडगळीतली एक पत्र्याची पेटी आणून दुकानात ठेवली. आत दौती, हजेरीपट, फुटकी घंटा, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली, पुस्तकासारखी उघडणारी एक छोटी डबी. डबीत चांदीची पाटी होती.

चांदीची पाटी म्हणजे सगळ्यांत पहिल्या तऱ्हेचा फोटो. तांब्याचा पत्रा, त्यावर चांदीचा मुलामा, त्यावर चित्र. समोरून बघितलं तर आरशासारखा आपलाच चेहरा दिसतो. जरा तिरकं धरलं की आतला माणूस वर येतो. बाबांनी ती तिरकी धरली आणि डोळ्यांजवळ नेली. रुंद कपाळ, मागे वळवलेले केस, गालावर तीळ, अगदी तैलचित्रात दिसतो त्याच जागी. महिनाभरात पहिल्यांदा बाबा कोणाच्या आधाराशिवाय उठून उभे राहिले. आत्या तेव्हा बाजारात गेली होती. ती परत येईपर्यंत त्यांनी संग्रहालयाच्या साहेबांना निरोप धाडूनसुद्धा टाकला होता.

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन मदतनिसांना घेऊन आले. बाबा त्यांना सगळी हकिगत सांगायला लागले, तर साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि सरळ पडदा बाजूला सारून आतल्या खोलीत गेले.

"आत बसतात त्या बाईंचं ऐकायला मी आलोय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं लिहितो. खाली नावही तुमचंच."

चाळीस वर्षांत आत्याला असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिने भिंग डोळ्याला लावलं. मी दारात उभी होते, मला तिची फक्त पाठ दिसत होती. तिने काय पाहिलं हे मला फार पुढे कळलं. चांदीच्या पाटीवर माणूस आरशातल्यासारखा उमटतो, उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं होऊन. तीळ तैलचित्रातल्याच जागी दिसतोय याचा अर्थ खऱ्या माणसाचा तीळ डाव्या गालावर होता. तरीही खात्री करायची म्हणून तिने कोटाची बटणं पाहिली. ती उलट्या बाजूला होती. म्हणजे चित्र नक्कीच उलटं होतं, आणि हा माणूस सभापती नव्हता.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने मान वर केली. दाराच्या चौकटीला धरून बाबा उभे होते, ओठ कोरडे, डोळे तिच्याकडे लागलेले. साहेब वहीवर पेन टेकवून थांबले होते.

"तेच आहेत," आत्या म्हणाली.

पुढे मला सगळं सांगताना ती या जागी आली की थांबायची. भावाच्या जिवासाठी बोलले असं म्हणायला मला आवडतं, ती म्हणायची, आणि ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं त्या वहीसाठी होतं. माझं नाव लिहिलं जाणार होतं आणि मला ते हवं होतं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर ती नुसती चूक ठरली असती. पण आठ दिवसांनी संग्रहालयाने पाटी तिच्याचकडे पाठवली, काच साफ करून पुन्हा कडेने बंद करण्यासाठी. तिने कडेची कागदी पट्टी ओली करून सोडवली, काच उचलली, पाटी उचलली. पाटीमागे चार घड्या घातलेली एक चिठ्ठी होती. "आमच्या मास्तरांस, शेवटच्या वर्गाकडून." पुढे मास्तरांचं पूर्ण नाव आणि खाली सात वेड्यावाकड्या सह्या, त्यातली एक शाईचा डाग पडून निम्मी गेलेली.

आता शंकेला जागाच नव्हती, आणि वेळही गेलेली नव्हती. सभापतींचा फोटो सापडल्याची घोषणा व्हायला अजून चार दिवस होते. आत्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली, होती तशी घडी घातली, होती तिथेच ठेवली, त्यावर पाटी, पाटीवर काच, आणि कडेने नवी पट्टी चिकटवून टाकली. फाडायला हात धजेना आणि दाखवायला तोंड उघडेना, असं ती म्हणायची. त्या दिवशी ती जेवली नाही. आईने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाली.

बाबा मात्र सावरले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. घोषणेच्या दिवशी ते नवा कोट घालून संग्रहालयात गेले, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला आणि ते कात्रण चौकटीत बसवून गल्ल्यामागे लागलं. आत्या गेली नाही.

मग ते मास्तर सगळीकडे झाले. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात, सभागृहाच्या जिन्यावर, चौथीच्या पुस्तकात, शेवटी टपालाच्या तिकिटावर. आत्या तिकिटं लावायला मला द्यायची. तुझे हात मोकळे आहेत तर लाव, म्हणायची. मला ते खरंच वाटायचं. सभागृहावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून ती तळ्याकडून वळसा घालून यायची, चालणं होतं म्हणून. घरातली माणसं किती सहज फसतात.

तिचं नाव झालं. लांबून पत्रं यायला लागली, पाकिटात फोटो घालून, हे अमुक पुढारीच आहेत ना, एवढं सांगा. ती प्रत्येकाला एकच उत्तर लिहायची, "खात्री देता येत नाही." अगदी उघड उघड खरा असलेला फोटोसुद्धा तिने दोनदा असाच परत पाठवला. बाबा वैतागून म्हणायचे, "ताई, एकदा काय ते हो म्हणालीस, आता जन्मभर नाहीच म्हणणार आहेस का?" आत्या मान खाली घालून ब्रश धूत बसायची.

अशी अकरा वर्षं गेली.

मग एक दिवस दुपारी एक वयस्कर बाई दुकानात आल्या. पंचाहत्तरीच्या असतील, पाठीतून जरा वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांच्याजवळ वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला कागदावरचा जुना फोटो होता. मधोमध एक मास्तर, भोवती विद्यार्थी. फोटोचा एक कोपरा पाण्याने गेला होता. बाबा तेव्हा जेवायला गेले होते आणि गल्ल्यावर मी होते, म्हणून मी त्यांना आत आत्याकडे नेलं.

हे त्यांचे पणजोबा, त्या सांगू लागल्या. पाडली ती शाळा यांनीच उभी केली. फोटो थोरल्या बहिणीच्या ट्रंकेत सापडला, बहीण गेल्या वर्षी वारली. आत्या फोटोवर वाकली. कागदावरचा फोटो सरळ असतो, त्यात उलटसुलट होत नाही. तीळ डाव्या गालावर होता.

बाई बोलतच होत्या. पणजोबांचा आणखी एक फोटो होता, चांदीवरचा. मुलांनी तो मास्तरांना दिला आणि त्यांच्यामागे तो शाळेतच राहिला. त्यांची बहीण त्याच शाळेत शिकली. तिथल्या मुख्याध्यापकांनी लहानपणी एकदा कपाट उघडून तिला तो दाखवला होता, हे बघ तुझे पणजोबा म्हणून.

"आणि बघा ना," बाई म्हणाल्या, "म्हातारपणी तिने एक खूळ घेतलं. नातवाच्या पुस्तकातले सभापती म्हणजे आपलेच पणजोबा म्हणायची. आम्ही आधी हसलो. मग ती ऐकेचना, संग्रहालयात जाऊन पहारेकऱ्याशी भांडून आली. तेव्हा तिच्या मुलाने तिला डॉक्टरकडे नेलं. डोक्याच्या. गोळ्या सुरू झाल्या. शेवटी शेवटी ती त्याबद्दल बोलायची बंद झाली, आणि तशी एकूणच बोलायची बंद झाली."

मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंना वाटलं फोटो फार खराब झालाय, म्हणून त्याच तिची समजूत घालायला लागल्या, जमेल तेवढंच करा म्हणाल्या. आत्याने आठ दिवसांनी या एवढंच सांगितलं. म्हणजे त्याही वेळी ती गप्पच राहिली.

बाई गेल्यावर तिने मला दार लावायला सांगितलं आणि सगळं सांगितलं, वहीपासून चिठ्ठीपर्यंत. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मी म्हटलं, त्या आजी तर गेल्या, आता सांगून काय होणार. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

आठ दिवस तिने तो फोटो दुरुस्त केला. इतकं बारीक काम तिने आयुष्यात केलं नसेल. सातव्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने बाबांना सांगितलं. आम्हाला भीती होती ती त्यांच्या हृदयाची. बाबांनी कप खाली ठेवला, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"माझ्यासाठी हो म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"थोडं तुझ्यासाठी. थोडं माझ्यासाठी."

"मी रडलो असतो, ताई. चार दिवस तोंड पाडून बसलो असतो. पण सत्तावीस वर्षं जे शोधत होतो ते खरंच हवं होतं गं मला. तू मला भलत्याच माणसाचा फोटो देऊन गप्प केलंस, लहान मुलाला करतात तसं."

ते उठले आणि दुकानात गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा कात्रणाची चौकट भिंतीवर नव्हती. कुठे ठेवली ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. आत्याने आधी दुरुस्त केलेला फोटो त्यांच्या हातात दिला, मग त्यांना खुर्ची दिली, आणि मग उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडलीही नाही. बाई ऐकून घेताना मांडीवरच्या फोटोवरून हात फिरवत होत्या.

"म्हणजे ती शहाणी होती," त्या अखेर म्हणाल्या.

"हो."

"आणि वेडे आम्ही ठरलो."

"तुम्हाला मी वेडं केलं," आत्या म्हणाली.

बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, मला सांगितलंत ते ठीक, पण तिला डॉक्टरकडे नेणारा तिचा मुलगा आहे. त्याला तुम्ही सांगा. माझी जीभ रेटायची नाही.

मी आत्याबरोबर गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, जिन्यात सायकली, आत स्वच्छ आवरलेली खोली. मुलगा पन्नाशीचा, छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी होता, बोटांच्या पेरांत शाई मुरलेली. आत्याने त्याला सगळं सांगितलं. ती थांबल्यावर तो म्हणाला, "गोळ्या घ्यायची नाही ती. मी तोंड उघडून द्यायचो." मग तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडल्याचा आवाज आला. नळ चालूच राहिला. बराच वेळ थांबून आम्ही खाली उतरलो. जिन्यात आत्याने माझा दंड घट्ट धरला होता.

त्यानंतर संग्रहालय सोपं गेलं. जुने साहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं की एवढी वर्षं झाली, पुस्तकं छापली गेली, तिकिटं निघाली, यात कोणाचं काही बिघडलंय का.

"बिघडलंय," आत्या म्हणाली. "मी त्यांच्या घरी जाऊन आले. पाटी उघडा, मागे चिठ्ठी आहे. मीच ठेवलीय."

पाटी उघडली ती सहा जणांच्या समितीसमोर. पट्टी आत्यानेच सोडवली, कारण तिच्याइतका हलका हात तिथे कोणाचा नव्हता. चिठ्ठी निघाली. समितीने ती दोन महिने तपासली, कागद तपासला, शाई तपासली, आणि शेवटी मोठ्या दालनातून सभापती उतरले. वर्तमानपत्रांनी दोन दिवस आत्याला फाडून खाल्लं. दाढीवाल्यांचे शौकीन न्यायाधीश परत कधी दुकानात आले नाहीत. दातांचा डॉक्टर मात्र आला. बंडखोरांच्या खणात आता तुमचाही फोटो ठेवायला हवा, असं म्हणाला, पण आत्या हसली नाही. पुस्तकातलं चित्र बदलायला तीन वर्षं लागली.

मास्तरांची पाटी आता संग्रहालयाच्या बाजूच्या खोलीत आहे. खाली त्यांचं नाव आहे, शाळेचं नाव आहे आणि चिठ्ठीची नक्कल आहे. ज्या दिवशी ती तिथे मांडली त्या दिवशी बाई आल्या होत्या. जुळारीही आला. तो आत्याशी बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पाटीसमोर उभा राहून तो आधी आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिला, तेव्हा आत्या पुढे झाली आणि हाताने त्याला जरा बाजूला उभं राहायची खूण केली. तो सरकला. मग बराच वेळ तिथेच होता.

बाबा पुढे चार वर्षं जगले. भावाबहिणीत बोलणं सुरू झालं, हसणंही सुरू झालं, पण पडद्याआड जाऊन "ताई, हा कोण असेल गं?" असं विचारणं त्यांनी पुन्हा केलं नाही. स्वतःच अंदाज सांगायचे, चुकले तर चुकायचे. आत्याला ते बाहेरचं ऐकू यायचं.

बाई मात्र येत राहिल्या. महिन्यातून एकदा दुपारी यायच्या, टेबलाशेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि बहिणीबद्दल बोलायच्या. ती कशी गायची, किती हट्टी होती, शिक्षकाशी कशी वाद घालायची. आत्या काम बाजूला ठेवून ऐकायची. एकदा बाई गेल्यावर मी तिला म्हटलं, खरं तर तूच सगळं उघड केलंस, आता किती दिवस मनाला लावून घेणार आहेस.

"लोकही तेच म्हणतात, खरं बोलले म्हणून," आत्या म्हणाली. "जिला ते ऐकायचं होतं ती असताना मी बोलले नाही."

एवढं म्हणून तिने खिडकी थोडी उघडली, बाईंच्या चहाचा कप उचलला आणि धुवायला घेऊन गेली.